एकदम घेतलं की स्वस्त पडतं, पण एकदम पैसे आणायचे कुठून?

सेक्टर_एकोणीस

काटकसरीचे सल्ले कुठेही वाचा, सूर एकच. महिन्याचं सामान एकदम भरा, वर्षाचा मसाला उन्हाळ्यातच करून ठेवा, तिमाही पास काढा, तेलाचा मोठा डबा घ्या. सगळं पटतं. पण यातल्या प्रत्येक गोष्टीला आधी हातात रोकड लागते, आणि ती नसते म्हणून तर काटकसर करायची आहे! पैसेवाल्याला सगळं स्वस्त पडतं आणि तीच वस्तू आम्हाला पाव-पाव किलोने महाग.

आमचं सांगते. कोपरखैरण्यात भाड्याने वन आरके. ह्यांची वागळे इस्टेटमध्ये नोकरी, हातात २२ हजार येतात. मी साड्यांना फॉल-बिडिंग करते, त्याचे दोन-अडीच हजार, लग्नसराईत थोडे जास्त. भाडं ८ हजार, लाइट वेगळी (मालक सबमीटरवर युनिटला १२ रुपये लावतो). थोरली तिसरीत, धाकटा बालवाडीत. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या कायमच्या. वीस तारखेनंतर वाण्याकडून पुड्या आणणं सुरू होतं.

हॉटेल, सिनेमा, मॉल आमच्या यादीत नव्हतेच, तेव्हा ते बंद करा असं कृपया कुणी सांगू नका. माझा प्रश्न वेगळा आहे. समजा एखाद्या महिन्यात हजार-पंधराशे जास्तीचे उरले, तर ते सगळ्यात आधी कशात घालावेत, म्हणजे लवकर सुटून येतील आणि पुढच्या गोष्टीला लावता येतील? मला क्रम हवाय.

हिशोबी_कळवा

प्रश्न आवडला. माझं उत्तर: मिस्टरांचा रेल्वेचा तिमाही पास. वार्षिक नको, तिमाहीच.

तिमाही पासाला मासिकाच्या २.७ पट पैसे पडतात, सहामाहीला ५.४ पट आणि वार्षिकाला १०.८ पट. भागून बघा. तिन्हींत सूट तेवढीच, दहा टक्के. लोक उगाच वर्षाचा पास काढून पैसे अडकवतात. मिळतं काय, तर पुन्हा रांगेत उभं राहावं लागत नाही. ज्याचा हात मोकळा आहे त्याने खुशाल काढावा. तुमच्यासाठी तिमाही.

आता यात किती अडकतात ते बघा. मासिक पास समजा १०० रुपयांचा धरला, तर तिमाहीला २७०. म्हणजे नेहमीपेक्षा आज १७० जास्त टाकायचे, आणि पुढच्या दोन महिन्यांत २०० रुपये भरावे लागणार नाहीत. १७० चे दोन महिन्यांत २००. पोस्टाचं आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायचं खातं) सध्या ६.७ टक्के देतं, तेही वर्षाला. कुठलीही बँक याच्या जवळपास येणार नाही.

ऐरोली_फास्ट

हिशोब बरोबर, पण एक मेख आहे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पासाचे पैसे "लागले नाहीत" म्हणून घरात खर्च होतात आणि चौथ्या महिन्यात २.७ पट कुठून आणायचे हा प्रश्न पुन्हा उभा. मग परत मासिक. आमच्या डब्यात निम्म्या लोकांचं हेच होतं. ते पैसे पास नसल्यासारखे दर महिन्याला बाजूला पडले तरच हे चालतं.

आणि मे महिन्यात गावी जाणार असाल तर पास त्याच्या आधी संपेल असा काढा. गावाला असताना पास चालू राहिला तर ते दिवस वायाच.

स्पष्टवक्ता_घोडबंदर

राग मानू नका, पण हे सगळं चिल्लर आहे. २२ हजारांत कितीही दोरी ताणली तरी ती तेवढीच. मिळकत वाढवा. फॉल-बिडिंग सोडून ब्लाउज शिवायला शिका, घोडबंदरला एका ब्लाउजची शिलाई ऐकलीत तर चाट पडाल.

सेक्टर_एकोणीस

ब्लाउज शिवता येतात मला. आईचं पायाचं मशीन आहे, त्यावर घरच्यांचे शिवते. गिऱ्हाइकांचे घ्यायचे तर मोटर आणि पिको मशीन लागतं. पिको सध्या बाहेरून करून आणते, साडीमागे त्यातच पैसे जातात. मशीनला एकदम पैसे लागतात. या चर्चेचं नाव पुन्हा एकदा वाचा ना.

हिशोबी_कळवा

:) पण स्पष्टवक्ता यांचा मुद्दा टाकून देऊ नका. पिको मशीनही याच क्रमात बसतं. पास हा पहिला, कारण तो थोडक्यात होतो. मशीन शेवटचं, पण तिथे पोचायचंच आहे असं धरून चाला.

निवृत्त_वायरमन

मला विजेचं कळतं, तेवढंच बोलतो.

आधी एक गैरसमज. "शंभर युनिट ओलांडले की सगळंच बिल वरच्या दराने येतं" असं बायका-पुरुष सगळे मला सांगतात. तसं नाही. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. पहिले शंभर युनिट खालच्याच दराने लागतात, वरचे जेवढे असतील तेवढ्यालाच वरचा दर. १०५ युनिट झाले तर पाचच महाग. शिवाय स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क असतं. म्हणून नुसत्या युनिटच्या दराने गुणलं की उत्तर बिलाशी जुळत नाही आणि लोक मीटरवर संशय घेतात.

भाडेकरूला मात्र हे टप्पे लागूच होत नाहीत, त्याला मालकाचा एकच दर. ताई, मालकाला एकदा मूळ बिल दाखवायला सांगा. भांडायला नको, "बघू तरी" म्हणून. घरात कमी युनिट जळत असतील तर १२ रुपये जास्त आहेत.

आता पंख्याचं. जुना पंखा ७५ वॅटचा असतो. दिवसाला १४ तास चालला तर रोज एक युनिटच्या किंचित वर, महिन्याला साडेएकतीस. तुमच्या १२ च्या दराने ३७८ रुपये एकट्या पंख्याचे! बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० वॅटच्या आसपास घेतो, त्याचे साधारण १५१ होतात. महिन्याला सव्वादोनशे वाचले. असा पंखा अडीच ते तीन हजारांत येतो, म्हणजे साधारण वर्षभरात सुटला. घर सोडाल तेव्हा काढून न्या, मालकाचा जुना परत लावून द्या. मालकाचा दर जितका जास्त, तितका हा पंखा लवकर सुटतो.

रॉडने पाणी तापवत असाल तर २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धं युनिट. मे महिन्यात पोरांना गरम पाणी कशाला लागतं ते मला आजवर कळलेलं नाही.

वाशी_जुनी

वायरमनकाका, बिल ज्यांच्या स्वतःच्या नावावर आहे त्यांच्यासाठी पुढचंही सांगा. छापील बिल बंद करून ईमेलवर घेतलं की दहा रुपये सूट, आणि बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं की एक टक्का.

निवृत्त_वायरमन

बरोबर. एक टक्का हा कर आणि शुल्क सोडून उरलेल्या रकमेवर असतो.

उरणची_लेक

आमच्या आगरी-कोळ्यांकडे या धाग्याचं उत्तर आधीपासून आहे, त्याला आगोट म्हणतात. पावसाळ्याच्या आधी घरात जे जे भरायचं ते. तांदूळ, मसाला, सुकी मासळी, कांदे, लसूण, चिंच, आमसुलं. एप्रिल-मे मध्ये घरातले सगळे पैसे तिकडेच जातात आणि मग चार महिने बाजारात फारसं जावं लागत नाही.

यातलं पैशाला सगळ्यात जास्त परवडणारं म्हणजे सुकी मासळी. १ जूनपासून मासेमारी बंद होते, ओली मासळी मिळते ती बर्फातली आणि महाग. मे महिन्यात घेतलेला जवळा, सुकट, बोंबील, वाकट्या तेव्हा कामाला येतात. मूठभर जवळ्यात कांदा घातला की चार माणसांचं जेवण होतं, भाकरीबरोबर. आणून तशीच डब्यात भरू नका. दोन-तीन कडक उन्हं दाखवा, गार होऊ द्या आणि मग हवाबंद डब्यात. ओलसर राहिली तर किडे पडतात.

दुसरा मसाला. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये किलो-दोन किलो देणारी दुकानंही आहेत, गोणीच घ्यावी लागते असं काही नाही. मिरची देठासकट घ्या, देठं काढलेली महाग असते. देठं दुपारी टीव्हीसमोर बसून निघतात. वाळवा, भाजा, डंकावरून (मसाला कांडायच्या गिरणीतून) कांडून आणा. तयार मसाल्याच्या १०० ग्रॅम पाकिटाचा भाव दहाने गुणा आणि घरच्या किलोशी ताडून पाहा, मी आकडा सांगत नाही, तुम्हीच सांगाल.

नेरूळ_पूर्व

आगोट छान, पण वन आरकेत ठेवायची कुठे? कांद्याची गोणी आणायचा सल्ला मला लोक दरवर्षी देतात. ५० किलो कांदे. आमच्या किचनची एक भिंत पावसाळ्यात पाझरते. खाली पसरले तर झोपायचं कुठे?

उरणची_लेक

गोणी एकट्याने आणू नका, चार घरांत वाटा. आणि कांदा एप्रिल-मे मधलाच, उन्हाळी. तोच टिकतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा कितीही स्वस्त असला तरी साठवायचा नसतो, त्याला लगेच कोंब फुटतात.

बाकी पाझरणाऱ्या भिंतीला माझ्याकडे उत्तर नाही. अशा घरात कांदे आठवड्याचेच घ्या. जवळा आणि मसाला मात्र डब्यात मावतो, तेवढीच आगोट करा.

साय_काढणारी

कुणी दुधाचं बोललंच नाही अजून. मी फुल क्रीम घेते, साय साठवते, आठवड्याला लोणी काढून तूप. बाजारचं तूप गेली कित्येक वर्षं आणलेलं नाही.

हिशोबी_कळवा

हा हिशोब मी एकदा मांडला होता, ठोकताळाच आहे. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये ३. म्हणजे लिटरमागे ३० ग्रॅम जास्त. त्यातला सगळाच काही सायीत येत नाही, बराचसा दुधातच राहतो. तेव्हा दोन पिशव्यांच्या किमतीतला फरक आणि तुमचं महिन्याचं तूप यांची तुलना करा. आमच्याकडे जवळजवळ बरोबरी झाली, फायदा म्हणायचा तर ताकाचा.

साय_काढणारी

आणि चवीचा! तो मांडला का हिशोबात?

हिशोबी_कळवा

तिथे मी हात जोडले.

नाइट_ड्युटी

मी ठाण्यात नर्स आहे. सासूबाईंच्या गोळ्यांचं वाचलं. याला तर आगाऊ पैसे टाकावेच लागत नाहीत, म्हणून माझ्या मते क्रमात हे पासाच्याही आधी.

डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा, ब्रँडचं नको. बीपीला अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, शुगरला मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड अशी नावं असतात. मग ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. याच औषधांच्या किमतीत निम्म्याहून जास्त फरक पडलेला मी रोज पाहते. मिलिग्रॅम तेच आहे ना आणि नावापुढे एसआर किंवा ईआर लिहिलंय का ते नीट जुळवून घ्या, ती औषध हळूहळू सोडणारी वेगळी गोळी असते. फिट्सचं किंवा थायरॉइडचं औषध असेल तर आपल्या मनाने कंपनी बदलू नका, डॉक्टरांना विचारूनच.

आणि गोळ्या अर्ध्या करून "पुरवून" घेऊ देऊ नका म्हातारीला. घरोघरी सासवा हे गुपचूप करतात. मग अॅडमिट झाल्यावर वर्षाची काटकसर एका आठवड्यात जाते.

वाशी_जुनी

अजून एक बिनपैशाचं. तेलाची पिशवी घेताना वजन वाचा. लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असतं. हल्ली तशाच दिसणाऱ्या ८५०, ८०० ग्रॅमच्या पिशव्याही येतात आणि भाव कमी म्हणून आपण उचलतो. एमआरपीच्या शेजारी बहुतेक पाकिटांवर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दर छापलेला असतो, तो बघायची सवय लावा.

आणि सेक्टर एकोणीस, तुम्ही पुड्यांना फार नावं ठेवू नका. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी बहुतेक वेळा बाटलीपेक्षा स्वस्त पडते, भागून बघा. चहा, तेल, साबणाची पावडर यांचं मात्र तुम्ही म्हणता तसंच.

माथाडी_पोर

रेशनचं कुणीच बोललं नाही. आमच्या घणसोलीत निम्मी वस्ती साताऱ्याकडची, कार्डं गावाला. गावचं कार्ड प्राधान्य कुटुंबातलं असेल तर इथल्या रेशन दुकानात अंगठा देऊन धान्य मिळतं, माणशी ५ किलो, फुकट. गावाला आजी-आजोबा असतील तर ते त्यांच्या वाट्याचं तिकडे घेतात, आम्ही आमचं इकडे. नुसतं केशरी कार्ड असून चालत नाही, प्राधान्य यादीत नाव आणि ई-केवायसी झालेलं लागतं. लोकांना वाटतं कार्ड इकडे बदलून आणल्याशिवाय काही मिळत नाही, आणि बदलायला सहा खेपा, म्हणून तसंच पडून राहतं.

कोपरी_चाळ

मूळ प्रश्न एकरकमी पैशांचा होता, म्हणून भिशी. आमच्या चाळीत बारा जणींची आहे, महिन्याला ५००. नंबर चिठ्ठीने काढत नाही. जिला ज्या महिन्यात गरज तिला तो महिना, दिवाळीतच सगळं ठरवून घेतो. शाळेच्या फीचा जून कुणाला, मसाल्याचा एप्रिल कुणाला. सहा हजार एकदम हातात येतात. पिको मशीनचे निम्मे झाले की नाही?

ऐरोली_फास्ट

भिशी चालवणारी घर सोडून गेली तर कुणाकडे जाणार? पोलीस विचारतात कागद काय आहे. अशा भिशीला कायद्याचा काडीचा आधार नसतो. पोस्टाचं आरडी १०० रुपयांपासून उघडतं.

कोपरी_चाळ

पोस्टाचं आरडी पाच वर्षांचं. तीन वर्षांच्या आधी मोडता येत नाही, वर्षभर भरल्यावर निम्म्या रकमेचं कर्ज तेवढं मिळतं. आम्हाला मसाला यंदाच्या एप्रिलमध्ये करायचाय! आणि आमच्यातल्या बाराही जणी एकाच मजल्यावर राहतात, कोण कुठे पळतंय.

पण ओळखीच्या बाहेर भिशी लावू नका, हे मी पण सांगेन. व्याज देणारी, लिलावाची भिशी तर अजिबात नको.

नेरूळ_पूर्व

मधला मार्ग: बँकेचं सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं आरडी. तेही नको असेल तर दुसरं एक खातं ठेवा, त्याला यूपीआय जोडू नका आणि त्याचं एटीएम कार्ड कपाटात. मी पासाचे पैसे तिकडे टाकते. फोनमधून काढता येत नाहीत म्हणून राहतात, नाहीतर दहा मिनिटांत घरी सामान आणून देणाऱ्या अॅपवर कधी उडाले कळत नाही. रात्री साडेदहाला कोथिंबीर मागवणारं घर आहे आमचं, लपवून काय उपयोग.

स्पष्टवक्ता_घोडबंदर

माघार घेतो. पासाचा हिशोब बायकोला दाखवला, आम्ही दोघं गेली अनेक वर्षं मासिकच काढतोय.

सेक्टर_एकोणीस

सगळ्यांचे आभार, घरात बसून ह्यांना सगळं वाचून दाखवलं. आता असं ठरतंय.

गोळ्यांची चिठ्ठी येत्या तपासणीला मूळ नावांनी लिहून घेणार. सासूबाईंना विचारलं, गोळ्या अर्ध्या करता का म्हणून. त्या गप्पच बसल्या, तेव्हा नाइट ड्युटी ताई, तुमचं बरोबर निघालं.

गोळ्यांतून जे सुटतील त्यात या महिन्याचं फॉलचं थोडं घालून तिमाही पास. पासाचे पैसे दर महिन्याला नेरूळच्या ताई म्हणतात तसे दुसऱ्या खात्यात. माझं एक जुनं शून्य शिलकीचं खातं पडून आहे, तेच वापरते. त्यानंतर पंखा. पंख्याचे महिन्याला सव्वादोनशे सुटायला लागले की ते आणि पासाची सूट मिळून बँकेचं आरडी, मशीनसाठी. भिशी सध्या नको, आमच्या इमारतीत भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतात, कुणाच्या भरवशावर लावणार.

मालकाला बिल दाखवा म्हटलं. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाला. बघू.

मसाला यंदा थोडाच, एक किलो मिरचीचा. उरणच्या ताई, प्रमाण सांगाल का? आम्ही घाटावरचे, आमच्याकडे कांदा-लसूण मसाला करतात, पण धाकटा तिखट खात नाही.

उरणची_लेक

धाकट्यासाठी बेडगी पाऊण किलो आणि लवंगी पाव किलोच्याही आत ठेवा. रंग बेडगीने येतो, तिखटपणा लवंगीने. काश्मिरी घ्यायची असेल तर बेडगी तेवढी कमी करा, दोन्ही भरपूर घालण्यात पैसे जातात. तुमच्या कांदा-लसूण मसाल्यात कांदा आणि खोबरं असतं, ते ओलं राहिलं तर वास लागतो, म्हणून आधी नुसती मिरची आणि खडा मसाला कांडून ठेवा आणि कांदा-लसूण महिन्या-दोन महिन्यांपुरताच त्यात मिसळत जा. बरणीत वर हिंगाचे दोन खडे. मार्केटला शनिवारी-रविवारी जाऊ नका, मधल्या वारी सकाळी जा, दुकानदाराला बोलायला वेळ असतो.

कोपरी_चाळ

आणि हळकुंडं तिथूनच घ्या, मसाल्याबरोबर हळदही कांडून होते. डंकवाल्याला आधी हळद करू नका म्हणून सांगा, नाहीतर मिरची पिवळी.

सेक्टर_एकोणीस

लिहून घेतलं. किलोभर मिरची घेऊन तुर्भ्याहून एकटीने येण्यापेक्षा आमच्या मजल्यावरच्या अजून कुणी येतात का विचारते, रिक्षाचे पैसे वाटले जातील.